मेंदूची बांधी आणि रक्ताचा पाट



वैनगंगेकाठच्या कारध्यातला किंवा भंडारा जिल्ह्यातला कोणताही धानकरी हे जाणतो, की तलाव भरला म्हणजे आपली बांधी भिजलीच असं नाही. नहरात पाणी किती, हा एक हिशेब. आपल्या धुऱ्यापर्यंत किती पोचलं, हा दुसरा. आपल्या मेंदूतल्या रक्ताचा हिशेब अगदी असाच आहे, आणि आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मेंदूचं वजन सुमारे 1400 ग्रॅम. म्हणजे शरीराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्यासाठी दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याला लागतं. बरं, त्याच्याजवळ साठवणीचं कोठार नाही. रक्त थांबलं, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

मग गणित सोडवताना मेंदूला जास्त रक्त लागतं का? इटलीत तुरिन शहरी आंजेलो मोस्सो नावाचे शास्त्रज्ञ होते. 1880 च्या सुमारास त्यांनी बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याची तपासणी केली. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडलं होतं, आणि तिथून मेंदूची धडधड मोजता येत होती. मोस्सोंनी त्याला आठाला बारांनी गुणायला सांगितलं. आपली पोरं ‘बारा आठे शहाण्णव’ म्हणतात, तेच गणित. काही सेकंदांतच मेंदूची धडधड वाढली!

पण 1955 साली अमेरिकेत लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडी हिशेब करणाऱ्या माणसांच्या साऱ्या मेंदूचं रक्त मोजलं, तर एकूण आकड्यात फरकच आढळला नाही. मग खरं कोणाचं?

याचं उत्तर आपला धानकरी देईल. एका बांधीचं तोंड थोडं रुंद केलं, तर त्या बांधीत पाणी वाढतं. पण नहराच्या मापात ते कळून येत नाही. पुढे डेन्मार्कचे लासेन आणि स्वीडनचे इंग्वार यांनी मेंदूचा एकेक भाग वेगळा मोजला, आणि जो भाग कामाला लागतो तिथेच रक्त वाढतं, हे दिसून आलं.

हे तोंड उघडतं कोण? काम करणाऱ्या मज्जापेशी आणि त्यांच्या शेजारच्या ताऱ्यांच्या आकाराच्या मदतनीस पेशी काही रसायनं सोडतात. त्यांनी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. एकदोन सेकंदांत वाहिनी रुंदावू लागते, आणि पाचसहा सेकंदांत ओघ भरात येतो. हुकूम देणारा पाटकरी कोणी नाही. तहानलेली बांधी स्वतःच पाणी मागून घेते.

आता गुरुजनांनी विशेष लक्ष द्यावं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहून ठेवलं होतं. या आजारात रक्त कमी पडतं, म्हणून मेंदू आपले पाट आधीपासूनच रुंद करून बसतो. मग वर्गात अवघड गणित आलं, की आणखी रुंद करायला वाव थोडा उरतो. काही मुलांच्या मेंदूच्या वाहिन्या आतून अरुंदही होतात. त्यातून लकवा येऊ शकतो. कधी इजा इतकी बारीक असते, की बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त पोराचं लक्ष टिकत नाही, पाठांतर राहत नाही. आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो!

तेव्हा असं मूल मागे पडू लागलं, तर छडी उचलण्याआधी त्याच्या आईबापांना दवाखान्याची वाट दाखवा. सिकलसेलच्या मुलांची दोन ते सोळा वर्षांच्या वयात डॉप्लर नावाच्या यंत्राने मेंदूच्या रक्ताचा वेग मोजण्याची तपासणी करतात. ती दुखत नाही. धोका आढळला आणि नियमाने रक्त देत गेलं, तर पहिला लकवा बहुतेक टळतो, असं 1998 साली अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं आहे. अशा मुलाला वर्गात पाणी प्यायला आणि लघवीला जायला अडवू नका. आणि तोंड एकीकडे वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झाडपाल्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

बांधीत पाणी पोचलं नाही, तर आपण रोपाला दोष देत नाही. धुऱ्यावर जाऊन पाट पाहतो. लेकरांच्या बाबतीतही आधी पाट पाहू या.