पडद्याआड विचारावयाचा प्रश्न

(पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर नागपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयातील आधुनिक यंत्रांविषयी बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली होती. यंत्रांची किंमत आणि त्यांची क्षमता यांविषयीची माहिती आपणांस इतरत्र सहज मिळू शकेल. म्हणून मी आज यंत्राविषयी थोडे आणि त्या यंत्राखाली झोपणाऱ्या माणसाविषयी अधिक बोलणार आहे.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्या चित्रात हाडे दिसतात आणि बोटातली अंगठीही दिसते. शरीराच्या आत डोकावणारे हे साधन अगदी पहिल्या दिवसांपासून माणसाचे खाजगी जीवनही सोबत टिपत आले आहे. पुढे १९७१ साली इंग्लंडमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यानंतर एमआरआय आले आणि सोनोग्राफी तर तालुक्यातालुक्यांत पोहोचली.

आपल्या नागपुरात ज्याला सर्वजण 'मेडिकल' म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 'मेयो' म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि अलीकडे मिहानमधील एम्स, या ठिकाणी केवळ नागपूरकर येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून आणि राज्याची सीमा ओलांडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही रुग्ण येतात. त्यांतले कित्येक पहाटेची एसटी धरतात. काहींची घरची भाषा गोंडी असते, काहींची छत्तीसगढी. हातात केसपेपर, जवळ गाठोडे आणि 'लघवी भरून या' एवढीच सूचना घेऊन सोनोग्राफीसाठी आलेली बाई दोन-दोन तास बाकावर अवघडून बसलेली असते. ओटीपोटाच्या तपासणीसाठी मूत्राशय भरलेले असावे लागते हे खरे आहे. परंतु नंबर केव्हा लागेल हे तिला कोणी सांगत नाही, आणि उठून गेल्यास नंबर जाईल या भीतीने ती हलत नाही. वेळ ठरवून देणे हा माझ्या मते सौजन्याचा प्रश्न नसून उपचाराचाच भाग आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करण्यापूर्वी स्त्रीला एक प्रश्न विचारावाच लागतो : आपण गरोदर असण्याची शक्यता आहे काय? पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राच्या शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार क्ष-किरण कक्षाच्या दाराशी तशी सूचना लावलेली असते. एमआरआयपूर्वी निराळे प्रश्न असतात : छातीत पेसमेकर आहे काय, पायात रॉड आहे काय, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता काय? शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यावयाचे असेल तर मूत्रपिंडाचा विकार आणि दमा यांविषयी विचारावे लागते.

हे प्रश्न विचारले जातात कोठे? बहुधा खिडकीवर. मागे वीस माणसांची रांग, शेजारी सासू किंवा वडील, आणि आतून मोठ्या आवाजात, "पाळी केव्हा आली होती? दिवस गेलेत का?" अविवाहित मुलीने वडिलांसमोर या प्रश्नाला 'नाही' याखेरीज कोणते उत्तर द्यावे, अशी आपली अपेक्षा आहे? ती 'नाही' म्हणते, कागदावर 'नाही' लिहिले जाते आणि नियम पाळल्याचे समाधान सर्वांना मिळते. वस्तुतः त्या क्षणी सुरक्षिततेचा नियम मोडलेला असतो. खाजगीपणा ही शहरी, सुशिक्षित माणसांची चैन आहे, गरीब रुग्णाला तपासणी मिळाली म्हणजे पुरे, असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना माझे सांगणे असे की, लाजेपोटी दिलेले खोटे उत्तर यंत्राला कळत नाही. पडदा नसेल तर उत्तर खरे नसते, आणि उत्तर खरे नसेल तर तपासणी सुरक्षित नसते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण या भीतीपायी अनर्थ होतात. गरोदरपण ठाऊक नसताना एखाद्या स्त्रीचा क्ष-किरण फोटो निघाला म्हणून घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. नेहमीच्या तपासण्यांतून गर्भाला मिळणारी मात्रा बहुधा अल्प असते. डॉक्टरांकडून ती मोजून घ्यावी व मगच काय ते ठरवावे.

विदर्भाच्या संदर्भात सिकलसेलचाही विचार केला पाहिजे. या विकाराच्या तरुण रुग्णांना खुब्याच्या हाडाच्या दुखण्यासाठी एमआरआयकरिता यावे लागते. व्हरांड्यात नावासोबत विकाराचाही पुकारा झाला, आणि ऐकणाऱ्यांत गावचा कोणी असला, की त्या घरातील मुलामुलींच्या सोयरिकींवर त्याचा परिणाम होतो. नंबराने हाक मारण्यास काहीही खर्च येत नाही.

एमआरआयच्या चुंबकाविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. दीड टेस्ला शक्तीचे हे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ असते, आणि ते रात्रंदिवस चालू असते. तपासणी थांबली, दिवे मालवले, तरीही ते चालूच असते. २०१४ साली नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत ऑक्सिजनच्या सिलिंडरसह दोन कर्मचारी यंत्राकडे खेचले गेले व सुमारे चार तास तेथे अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात तर एका रुग्णाच्या तरुण नातेवाइकाचा प्राणच गेला. त्याच्या हाती ऑक्सिजनचे सिलिंडर होते. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आले होते, असे त्याच्या आप्तांचे म्हणणे होते. तो रुग्णही नव्हता आणि कर्मचारीही नव्हता. आपल्याकडे मनुष्यबळ अपुरे पडले की नातेवाइकालाच स्ट्रेचर ढकलावयास, सिलिंडर धरावयास सांगण्याची रीत आहे. मदतीला आलेल्या माणसाला धोक्याची जाणीव न देता त्या दारातून आत नेणे हा माझ्या मते सर्वांत गंभीर दोष आहे.

याच दाराशी मंगळसूत्राचा प्रश्न उभा राहतो. तंत्रज्ञ म्हणतो, "सगळे काढा." बाई जोडवी काढते, बांगड्या काढते, परंतु मंगळसूत्राशी तिचा हात थबकतो. अशा वेळी ओरडण्याचे काहीच कारण नाही. सोने चुंबकाकडे खेचले जात नसले तरी धातूमुळे चित्र बिघडते, ते तापू शकते, आणि साखळीत दुसरा धातू मिसळलेला असू शकतो, हे तिला दोन वाक्यांत सांगावे. मंगळसूत्र तुटले असता दोऱ्यात हळकुंड ओवून बांधण्याची आपली जुनी चाल आहेच. तसा सुती दोरा गळ्यात असला तर तपासणीला बाधा येत नाही. दागिने तिच्याच माणसाच्या हाती तिच्यादेखत द्यावेत. पुरुषांचे करदोडे, तावीज आणि खिशातल्या किल्ल्या यांनाही हाच न्याय लागू आहे.

कपड्यांबाबत एक वाईट सवय पडली आहे. वेळ वाचावा म्हणून आधीच्या रुग्णाची तपासणी चालू असतानाच पुढच्याला गाऊन घालून बाहेर बसवितात, किंवा एकाच खोलीत तिघींना एकदम घेतात. पाठीमागून उघडा असलेला गाऊन घालून व्हरांड्यात बसलेल्या वृद्ध गृहस्थांची अवस्थाही काही वेगळी नसते. पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णाची तपासणी करीत असताना तेथे स्त्री उपस्थित असावी, हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेचा भाग आहे. शुश्रूषागृहांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असे राज्यशासनाने २०२१ च्या नियमदुरुस्तीने ठरविले. लावलेली सनद वाचली जाते की नाही, हे आपण स्वतः जाऊन पाहावे.

तपासणीतील प्रतिष्ठेच्या प्रश्नाला नागपूरने पूर्वीही वाचा फोडली आहे. लैंगिक अत्याचारपीडित स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीतील हेळसांडीविषयी सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवाल तयार केला, आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. २०१३ साली राज्यशासनाने नवी कार्यपद्धती आणली व तीतून 'दोन बोटांची चाचणी' वगळली. तेथील विषय वेगळा होता, पण शरीराची तपासणी माणसाच्या संमतीने व पडद्याआड व्हावी हे तत्त्व तेच.

खाजगीपणाच्या नावाखाली अपराध लपविता येतो काय, असा प्रश्न अधिकारीवर्ग मला विचारतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या. तेव्हा तेथील जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा निर्णय घेतला. यामुळे गरोदर स्त्रीच्या खाजगीपणाचा भंग होतो, असा आक्षेप घेऊन क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयाने तो आक्षेप अमान्य केला. चित्रे त्या यंत्रापाशीच राहतात, बाहेर प्रसृत होत नाहीत, आणि योग्य कार्यपद्धतीनेच ती पाहता येतात, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. मला हा निवाडा योग्य वाटतो. कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने कारणासाठी नोंद पाहणे निराळे, आणि शेजाऱ्याने कुतूहलापोटी ती पाहणे निराळे.

आज भय आहे ते या दुसऱ्या प्रकाराचे. अहवालाचा फोटो मोबाइलवर काढून ओळखीच्या डॉक्टरांना पाठविताना तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो. मदत मिळावी या सद्हेतूनेच कोणी तो टाकतो. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे सांगितले आहे. तो अधिकार आपल्या गावच्या आजारी माणसालाही आहे.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना एवढे सांगावे की तपासणीच्या वेळी "हे कशासाठी?" असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. गावातून कोणी नागपूरला तपासणीसाठी निघाले, की आशा सेविकेने घरीच, एकांतात, रुग्णाच्या भाषेत पेसमेकर, रॉड, जुनी शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा विकार, दमा आणि स्त्री असल्यास शेवटच्या पाळीची तारीख एका कागदावर लिहून द्यावी. दाराशी पुन्हा विचारले जाईल, जावेच. पण तेव्हा बोलण्याऐवजी तो कागद पुढे करता येईल. मात्र तो बंद लिफाफ्यात असावा. सरपंचांनी तो उघडू नये, गाडीच्या चालकाजवळ देऊ नये. रुग्णाने तो खिडकीवर न देता आत तंत्रज्ञाच्या किंवा परिचारिकेच्या हाती द्यावा.