म्हणायची गाणी : वसंत देसाई यांच्या संगीताचा एक विचार



मराठीत आपण गाणं ‘म्हणतो’. पाहुणे आले की घरातल्या मुलाला ‘एखादं गाणं म्हण बरं’ असं सांगतो. ‘गाणं’ हे क्रियापद आपण बहुधा बैठकीतल्या गवयासाठी राखून ठेवतो. गाणाऱ्याला तालीम लागते, म्हणणाऱ्याला गाणं पाठ असलं की पुरतं. हा फरक आपल्या भाषेनेच करून ठेवला आहे आणि आज मला जे मांडायचं आहे ते त्याच फरकावर उभं आहे. संगीतकार वसंत देसाई यांचं मोजमाप आपण आजवर गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या बाजूने करत आलो. माझं म्हणणं असं की, गाणं म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभं राहिल्याशिवाय या माणसाचं मोठेपण दिसतच नाही. ज्या काळात गाणं ही पेटीतून ऐकायची वस्तू होऊ लागली होती, त्याच काळात देसाईंनी ते पुन्हा चारचौघांच्या गळ्यात नेऊन ठेवलं. हे त्यांचं मुख्य काम होतं आणि ते त्यांनी जाणूनबुजून केलं.

रूढ मोजमाप कसं होतं ते आधी पाहू. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाबद्दल बोलणं निघालं की नौशाद, सचिनदेव बर्मन, शंकर-जयकिशन, मदनमोहन, सी. रामचंद्र ही नावं लगेच तोंडावर येतात. देसाईंचं नाव थोड्या अंतराने येतं आणि बहुधा दोन शिक्के घेऊन येतं. एक, ‘शास्त्रीय बैठकीचा संगीतकार’. दुसरा, ‘शांतारामबापूंचा’, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा, ‘संगीतकार’. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गूँज उठी शहनाई’ या चित्रपटांमुळे पहिला शिक्का बसला, बापूंच्या ‘राजकमल’ या चित्रसंस्थेशी असलेल्या दीर्घ संबंधामुळे दुसरा. दोन्ही शिक्के खोटे नाहीत, पण दोन्ही अपुरे आहेत. उस्ताद अमीर खाँसाहेबांना चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी उभं करणारा माणूस पुढे शाळकरी मुलांच्या प्रार्थनेची चाल बांधायला तेवढ्याच गांभीर्याने का बसतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही.

हा उलगडा त्यांच्या उमेदवारीच्या काळात सापडतो. वसंत देसाई यांचा जन्म 9 जून 1912 चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातला, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. हा दशावताराचा आणि भजनाचा मुलूख. तिथे गाणं ऐकणारा माणूस टाळ हातात आला की गाणं म्हणणारा होतो. पुढे ते कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’त दाखल झाले. 1930 च्या ‘खूनी खंजर’ या मूकपटात त्यांनी काम केलं, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांचा आवाज आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव या तिघांच्या हाताखाली आणि सहवासात त्यांची घडण झाली. ‘प्रभात’च्या संगीताची धाटणी इथे लक्षात घ्यावी लागते. 1936 च्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला, भोळ्यांनी त्याला चाल दिली आणि लोकांना तो तुकोबांचाच वाटला. मास्तर कृष्णरावांनी ‘वंदे मातरम्’ला समूहाने म्हणता येईल अशी चाल बांधली आणि तेच राष्ट्रगीत व्हावं म्हणून घटना समितीच्या काळात दिल्लीपर्यंत खटपट केली. गाणं पडद्यावर संपत नाही, ते लोकांच्या तोंडी गेलं पाहिजे आणि गेल्यावर त्यावर कुणाची मालकी उरू नये, ही शिकवण त्या वातावरणातच होती.

शांतारामबापूंनी ‘प्रभात’ सोडून 1942 मध्ये मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारलं. 1943 चा ‘शकुंतला’, 1946 चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ असे चित्रपट देसाईंनी केले आणि 1951 मध्ये ‘अमर भूपाळी’ आला. या चित्रपटाचा विषयच माझ्या मुद्द्याचा आहे. होनाजी हा गवळी समाजातला शाहीर, त्याची कवनं तमाशाच्या फडात गायली जाणारी. त्याने रचलेली भूपाळी फडाची चौकट ओलांडून घरोघरच्या पहाटेत जाऊन बसते, हीच या कथेची दिशा. ती साध्य होते की नाही, हे शेवटी चालीवर ठरणार होतं. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली ती भूपाळी आज महाराष्ट्रात ज्या चालीत म्हटली जाते, ती या चित्रपटातली चाल आहे. सडासंमार्जन करताना ती गुणगुणणाऱ्या किती जणींना तिच्यामागे एक संगीतकार आहे याची जाणीव असते? बहुतेकींना ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाटते. कथेत होनाजीच्या बाबतीत जे घडलं, तेच चित्रपटाबाहेर देसाईंच्या बाबतीत घडलं.

यावर एक आक्षेप लगेच येईल. ती परंपरेची वाटते, कारण ती परंपरेतूनच उचललेली आहे. मग संगीतकाराचं श्रेय ते काय? हा आक्षेप गंभीर आहे, पण परंपरेचं काम कसं चालतं हे तो विसरतो. भूपाळ्या शेकडो आहेत. ओवी, अभंग, लावणी, आरती यांच्या वळणांवर चाली बांधणारे संगीतकारही पुष्कळ झाले. त्यांतल्या बहुसंख्य चाली चित्रपटासोबत विरून गेल्या. परंपरेचा माल वापरणं सोपं आहे, आपली रचना परंपरेने स्वीकारणं मात्र कुणाच्या हातात नसतं. 1953 च्या आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’त देसाईंनी श्रीकृष्ण आणि द्रौपदीच्या कथेवरच्या गीताला आशा भोसले यांच्या आवाजात जी चाल दिली, ती ऐकताना आजी नातवंडांना गोष्ट सांगते आहे असंच वाटतं. वाद्यांचा पसारा नाही, शब्दांच्या पुढे धावणारी हरकत नाही. कथागीत म्हणणाऱ्या बाईला श्वास कुठे घ्यावा लागेल, तिथे ओळ थांबते. ही नक्कल असती, तर मूळ सापडल्यावर नक्कल बाजूला पडली असती. इथे लोकांनी देसाईंचीच चाल मूळ मानली.

आता सर्वांत ठळक पुराव्याकडे येतो. 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत होती. भिंती आणि बेड्यांशिवाय कैद्यांना माणसात आणण्याच्या त्या प्रयोगावर ग. दि. माडगूळकर यांनी ही कथा लिहिली. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि उजाड माळ. त्यात भरत व्यास यांच्या शब्दांतली प्रार्थना येते. ही प्रार्थना म्हणायची कुणी? ज्यांना सूर-तालाशी कधी घेणंदेणं नव्हतं अशा माणसांनी. मुख्य आवाज लताबाईंचा असला, तरी चालीची खरी कसोटी मागच्या कोरसमध्ये आहे. देसाईंनी भैरवी निवडली. भजनाच्या आणि मैफलीच्या शेवटी येणारी म्हणून ती आपल्या कानांना आधीच ठाऊक असते, शिकवावी लागत नाही. लय दादऱ्याच्या झोक्याची, म्हणजे तबला नसला तरी मनातल्या मनात धरता येणारी. ओळी आटोपशीर, एका श्वासात मावणाऱ्या. मुखड्याकडे परत येण्याची वाट इतकी सरळ की मागे पडलेला माणूस तिथे येऊन पुन्हा सामील होतो. गाण्यात आर्जव आहे, पण गळ्याची परीक्षा घेणारी एकही जागा नाही. मैदानावर मुलांना उभं करून ही प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाला विचारावं. पेटी नसली, पट्टी थोडी खालीवर झाली, पाचपन्नास मुलं बेसूर असली, तरी चाल मोडत नाही. ती तोल सांभाळते. असा टिकाऊपणा आपोआप येत नाही, तो बांधणीत आधीच घालावा लागतो.

पण शाळेत सक्तीने म्हणायला लावलेलं गाणं लोकप्रिय झालं, यात संगीतकाराची करामत कुठली, असंही कुणी विचारील. शब्द उदात्त म्हणून शाळांनी घेतलं आणि रोज म्हटलं म्हणून पाठ झालं. शब्दांचा वाटा मी नाकारत नाही. परंतु सक्तीने पाठ झालेली गाणी शाळा सुटली की सुटतात. शाळांनी स्वीकारलेल्या प्रार्थना आणि समूहगीतं असंख्य आहेत, त्यांतली किती आपल्याला आज पहिल्यापासून शेवटपर्यंत येतात? शिवाय हा योग देसाईंच्या बाबतीत एकदाच आला नाही. 1971 मध्ये हृषीकेश मुखर्जींच्या ‘गुड्डी’त गुलजारांनी लिहिलेली प्रार्थना आली आणि तीही देशभरच्या शाळांत गेली. 1963 च्या ‘छोटा जवान’मधलं माडगूळकरांचं समरगीत चीनच्या आक्रमणानंतरच्या वातावरणात महाराष्ट्रभर दुमदुमलं आणि प्रसंग सरल्यावरही समूहगीत म्हणून शाळांच्या स्नेहसंमेलनांत राहिलं. कवी तीन, चित्रपट तीन, भाषा दोन. तिन्ही गाण्यांना समान असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे संगीतकार.

सर्वांत वजनदार आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सोपं तेच श्रेष्ठ मानलं, तर कलेचं काय? आणि देसाईंचं शास्त्रोक्त काम, अडाण्यातलं अमीर खाँसाहेबांचं शीर्षकगीत, ‘गूँज उठी शहनाई’मधली बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांतली पदं, हे सगळं या सिद्धांताच्या विरोधात जात नाही का? याचं उत्तर ‘गुड्डी’नेच दिलं आहे. त्या एकाच चित्रपटात, एकाच गायिकेच्या, वाणी जयराम यांच्या, आवाजात दोन गाणी आहेत. एक मियाँ मल्हारमधलं, ज्याच्या ताना आणि निषादांची आंदोलनं तालमीच्या गळ्याशिवाय पेलत नाहीत. दुसरी ती प्रार्थना, केदारच्या छायेतली, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलालाही म्हणता येणारी. केदार हा काही बालबोध राग नाही. षड्जावरून एकदम मध्यमावर जाणारी त्याची झेप आणि दोन मध्यमांचा खेळ नवख्याला चकवतो. देसाईंनी त्यातला प्रसन्न, आश्वासक भाव ठेवला आणि अवघड वळणं बाजूला सारली. ज्याला मियाँ मल्हार मांडता येतो, तो केदार इतका सोपा करतो, तेव्हा तो त्याचा निर्णय असतो. रागाचं काय ठेवलं तर त्याचं रूप उरतं आणि काय काढलं तर ते सामान्य गळ्यात मावतं, हे ठरवायला राग पुरता कळलेला असावा लागतो. म्हणून त्यांची शास्त्रोक्त बैठक ही त्यांच्या समूहगीतांची अट होती. दोन देसाई नव्हते. एकच विद्या दोन कामांना लावली होती.

नाट्यपदांबद्दलही हेच. भालचंद्र पेंढारकरांच्या ‘ललितकलादर्श’ने आणलेलं ‘पंडितराज जगन्नाथ’ 1960 चं, म्हणजे संगीत नाटकाचा बहर ओसरल्यानंतरचं. तरी त्यातली गंगास्तुती रंगमंचावरून खाली उतरली आणि कोकण-गोव्याच्या भजनी मंडळांनी ती आपली केली. आणखी एक दाखला दूरचा आहे. 1966 च्या ऑक्टोबरमध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात विश्वमैत्रीची संस्कृत प्रार्थना गायली. शब्द कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींचे, चाल सोनवड्याच्या वसंत देसाईंची. कर्नाटक संगीतातल्या सर्वश्रेष्ठ गायिकांपैकी एकीने ती मैफलीत शेकडो वेळा गायली आणि दक्षिणेत घराघरांत लोक ती म्हणतात. भाषा बदलली, पद्धती बदलली, चालीचा स्वभाव तोच राहिला.

माझ्या मांडणीची मर्यादाही सांगतो. देसाईंचं सगळंच काम या एका सूत्रात बसत नाही. 1964 चा ‘यादें’ आणि 1973 चा गीतविरहित ‘अचानक’ यांचं पार्श्वसंगीत हा स्वतंत्र विषय आहे. ‘झनक झनक’मधलं नृत्यसंगीत नर्तकासाठी आहे, ते कुणी म्हणावं अशी अपेक्षाच नाही. आणि शांतारामबापूंच्या भव्य दृष्टीचा त्यांना लाभ झाला, हेही खरं. पण बापूंच्याच 1959 च्या ‘नवरंग’ला संगीत सी. रामचंद्रांचं होतं. ‘छोटा जवान’, विश्वमैत्रीची प्रार्थना, ‘गुड्डी’ हे सगळं त्यानंतरचं आहे. आधार बदलला, प्रकृती बदलली नाही.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. त्यांच्या वाट्याला आलेली विस्मृती अन्यायाची आहे, पण तिचं कारण त्यांच्या यशातच आहे. ऐकायच्या गाण्याला गायक, संगीतकार, चित्रपट अशी नावं चिकटून राहतात, कारण ऐकणारा विचारतो, ‘कुणाचं?’ म्हणायचं गाणं म्हणणाऱ्याचं होतं आणि आपल्याच वस्तूवर दुसऱ्याचं नाव कुणी शोधत नाही. म्हणून हे नाव जपण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यांनी नाही, जाणणाऱ्यांनी घ्यायची आहे. समूहगीतांच्या पुस्तिका आपल्याकडे छापल्या जातात, त्यांत कवितेखाली कवीचं नाव असतं. त्या नावाशेजारी आणखी एक ओळ छापावी : ‘चाल – वसंत देसाई.’ मुलं ती वाचतील, विसरतील, पण गाणं म्हणताना एखादं मूल थांबून विचारील की, चालसुद्धा कुणीतरी बांधावी लागते का? त्या प्रश्नापासून संगीताचं शिक्षण सुरू होतं.