घराचे विद्यालय
(महोत्सवप्रसंगी मलकापूर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या प्रसंगी संगीताविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या गायकवृंदाची इच्छा. तिला मान देऊन आम्ही आज एका विद्यालयाची हकीकत आपणांपुढे मांडीत आहो. हे विद्यालय एका कुटुंबाने आपल्या घरातच उभारिले. ते घर पुढे दुभंगले, परंतु त्यातील विद्या बुडाली नाही. असे का घडले, हाच आमच्या भाषणाचा विषय होय.

उस्ताद अब्दुल करीम खाँ ह्यांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील किराणा गावच्या गवयांच्या घराण्यात झाला. बडोद्यास असताना तेथील ताराबाई माने ह्यांच्याशी त्यांचा संसार जमला. पुढे १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिले. त्या काळी गवई आपल्या चिजा पेटीतील दागिन्यांप्रमाणे जपत. त्या मुलास अथवा पुतण्यास मिळत, परक्यास क्वचितच. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ही कोंडी फोडिली होती. तेथे वर्ग भरत, स्वरलिपी शिकवीत. खाँसाहेबांनी विद्यालय तर काढिले, पण त्याची रीत घराची ठेविली. शिष्यांस ते आपल्या मुलांप्रमाणेच वागवीत. गुरू मुसलमान, विद्यालयाचे नाव आर्य, आणि शिकणारे बहुधा हिंदू घरांतील! विद्येने त्या उंबरठ्यावर कोणाची जात वा धर्म विचारिला नाही.

विद्यालय पुढे मुंबईस गेले आणि खाँसाहेब अखेरीस मिरजेस स्थायिक झाले. परंतु १९२२ साली ताराबाई आपली पाच मुले घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. कोणाचा दोष किती, हे तोलणे आमचे काम नव्हे. पाच मुलांची जबाबदारी एकट्या मातेवर पडली, एवढे मात्र कोणासही समजेल. मुलांनी माने हे आजोळचे नाव लाविले. अब्दुल रहमान सुरेशबाबू झाले, चंपाकली हिराबाई झाल्या, धाकटी सकीना सरस्वती झाली. बापाचे नाव गेले, पण गळ्यातील स्वर कोठे जाणार? ह्याच कुटुंबाने पुढे नूतन संगीत विद्यालय चालविले आणि संगीत नाटकेही केली. ज्या काळी स्त्रीने मैफलीत गाणे समाजास रुचत नसे, त्या काळी हिराबाई बडोदेकर शालीनपणे सभेपुढे बसून गाइल्या, आणि पुढील कित्येक मुलींची वाट मोकळी झाली.

खाँसाहेब १९३७ साली प्रवासात असताना निवर्तले. त्यांचे दफन मिरजेस झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथील दर्ग्यात संगीतोत्सव होत आला आहे. आता पाहा, त्यांची विद्या कोणाकोणाच्या हाती गेली! त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. सुरेशबाबू व हिराबाई ह्यांच्यापाशी प्रभा अत्रे शिकल्या. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ह्या शिष्याने तर गुरूचे चरित्रच लिहून ठेविले. ह्यांतील एकाचेही खाँसाहेबांशी रक्ताचे नाते नव्हते.

ह्यातून आम्ही एवढेच घेतो की, जी विद्या केवळ रक्तापुरती राखिली जाते, ती घराबरोबर मोडते. जी परक्याच्या लेकरास दिली जाते, ती घर मोडले तरी तगते. आपल्या धर्मग्रामातही गाणारी घरे आहेत. कोठे आईची चाल मुलीस येते, कोठे बापाची पेटी मुलगा वाजवितो. परंतु मुले शिक्षणास व नोकरीस पुण्या-मुंबईकडे जातात; मुलगी सासरी जाते, आणि तिजबरोबर तिची चालही जाते. मग सणाच्या दिवशी पेटी असते, वाजविणारा नसतो.

म्हणून आमची विनंती आहे. ज्या घरास सूर ठाऊक आहे, त्या घराने ह्या वर्षी शेजारच्या एका तरी मुलास जवळ बसवावे. शुल्क घेऊ नये, मूल कोणाचे हे पाहू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. एवढे घडले तर ह्या महोत्सवाची आठवण आपल्या मुलांच्या गळ्यात राहील. परमेश्वर ह्या कार्यास आशीर्वाद देवो.