मंद स्पंदांचा विवर्धक



विवर्धक, अर्थात ॲम्प्लिफायर, म्हटले की सभागृहातील ध्वनियंत्रणा आठवते. मानवी कानाला साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्झ एवढे कंप ऐकू येतात आणि गाण्याच्या विवर्धकाचे कार्यक्षेत्रही तेवढेच. परंतु मिनिटाला 72 ठोके देणाऱ्या हृदयाची मूळ वारंवारता अवघी 1.2 हर्ट्झ भरते. इतक्या मंद संकेतासाठी विवर्धक निवडताना वेगळाच विवेक लागतो.

हृदयाचा विद्युत्-संकेत त्वचेवर पोहोचतो तेव्हा तो सुमारे एक मिलिव्होल्ट उरलेला असतो. तो हजारपट वाढवला की काम भागले, असे मात्र नाही. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या संपर्कातून उद्भवणारा स्थिर दाब 300 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, असे धरूनच ही यंत्रे रचतात. तोही हजारपट वाढू लागला, तर विवर्धक संपृक्त होऊन हृदयाचा मागमूसही उरणार नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात वर्धन बेताचे ठेवतात, स्थिर दाब कपॅसिटरने अडवतात आणि उरलेले वर्धन त्यानंतर करतात.

खरी कसोटी येथेच लागते. स्थिर दाब अडवताना मंद संकेताला किती वाट द्यावी? निम्न सीमा 0.5 हर्ट्झवर ठेवली, तर रुग्णाच्या श्वासाने वा हालचालीने रेघ फारशी ढळत नाही. अखंड देखरेखीसाठी ते सोयीचे असते. परंतु साध्या गाळणीत हीच सीमा आलेखातील ‘एसटी’ भाग विकृत करू शकते, आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना डॉक्टरांची नजर त्याच भागावर असते. म्हणून निदानासाठी 0.05 हर्ट्झ ही सीमा प्रमाण मानली गेली. तिचा कालांक सुमारे 3.2 सेकंद असल्याने ढळलेली रेघ पूर्वपदावर यायला वेळ लागतो; तेवढा धीर धरावाच लागतो.

मंद प्रदेशात आणखी एक अडसर असतो. विवर्धकाचा अंगभूत गोंगाट वारंवारता घटेल तसा वाढत जातो. त्यामुळे माहितीपत्रकातील 1 किलोहर्ट्झजवळचा आकडा येथे फसवा ठरतो, 0.1 ते 10 हर्ट्झ या पट्ट्यातील गोंगाट पाहावा. तो फार असल्यास ‘चॉपर’ पद्धतीचा विवर्धक उपयोगी पडतो. त्यात संकेत आधी उच्च वारंवारतेवर नेऊन वाढवतात आणि मग पुन्हा मूळ स्थानी आणतात. घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा उपद्रव दोन्ही इलेक्ट्रोडांवर जवळजवळ सारखाच येतो. म्हणून दोहोंतील फरकच वाढवणारा विवर्धक निवडावा.

देखणी रेघ ही खरी रेघ असेलच असे नाही. काय गाळावे याआधी काय जपावे, हे ठरले पाहिजे. विद्यार्थ्यांची मंद, अस्फुट स्पंदनेही धीराने जपणाऱ्या या शाळेच्या हीरक महोत्सवाला मनःपूर्वक शुभेच्छा!