प्रेक्षकाच्या आडून बोलू नका



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. अध्यक्षाने सर्वांना गोड वाटेल असं बोलावं, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. समोर मालिका लिहिणारी मंडळी बसली आहेत आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

भांडण एका वाक्यावरून आहे. मालिकेत समलिंगी पात्र आणू या, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "आपला प्रेक्षक अजून तयार नाही." कोण हा प्रेक्षक? मेलेली नायिका नव्या चेहऱ्याने परतते, नवरा दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतो, सासू सुनेच्या दुधात विष कालवते. हे सगळं तो जेवता जेवता पचवतो. त्याच्या पोटाची काळजी तुम्हाला नेमकी इथेच का वाटते?

तयारीचे पुरावे आपल्याच घरात आहेत. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१मध्ये रंगभूमीवर आलं. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची ती गोष्ट; भूमिका रोहिणी हट्टंगडींची. तेंडुलकरांनीही तिला शेवटी मरणच दिलं, हे मान्य. पण त्याआधी तिला हट्ट दिला, मत्सर दिला, दुसऱ्याला छळण्याची ताकद दिली. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' कादंबरीत (२००६) एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. त्यात काय आहे? वडील गेले म्हणून गावी आलेला आनंद, सुतकातसुद्धा लग्नाचा विषय न सोडणारी भावकी आणि सगळं ठाऊक असून मुलाची बाजू सांभाळणारी आई. सुतक, भावकी, लग्नाचा धोशा, आई! मालिकेला याहून अधिक भांडवल काय लागतं?

परदेशातलंही एक उदाहरण देतो. अमेरिकेत ३० एप्रिल १९९७ रोजी 'एलेन' मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. काही जाहिरातदार आधीच मागे सरले होते, अलाबामातल्या एका केंद्राने तो भाग दाखवलाच नाही. तरीही सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी तो पाहिला. पुढच्या हंगामात वाहिनीने त्या मालिकेच्या भागांवर पालकांसाठी इशारे लावले आणि १९९८मध्ये मालिका संपली. आधी कोण कचरलं, ते यावरून ठरवा.

आपल्याकडे हे पात्र आलंच तर दोन दारांनी येतं. पहिलं दार हशाचं. लचकणारा, मुरडणारा पुरुष दिसला की खाली हास्याचा आवाज जोडायचा. स्त्रीभूमिकेतल्या बालगंधर्वांच्या साडी नेसण्याची घरंदाज बायकांनी नक्कल केली, त्याच रंगभूमीचे आपण वारस. आणि साडीतल्या पुरुषाकडून आपल्याला आता एवढंच हवं! शिवाय बायकी पुरुष म्हणजे समलिंगी, हा घोळ आहेच. दुसरं दार गौप्यस्फोटाचं. दोन आठवडे प्रोमो, महाएपिसोड, आई कोसळते, बाबा हात उगारतात, नायिका समजुतीचं भाषण करते आणि ट्रॅक बंद. गुपित उघडलं की तुमच्या लेखी त्या माणसाचं काम संपलं. त्याची नोकरी, त्याचं कर्ज, त्याचा आळशीपणा, यांतलं काही तुम्ही लिहिलेलंच नसतं. 'मेड इन हेवन' मालिकेतला समलिंगी करण कर्जात बुडतो, खोटं बोलतो, व्यवसायही करतो; म्हणून तो माणूस वाटतो. मला पुतळे नकोत. समलिंगी पात्र देवमाणूसच असलं पाहिजे, हा हट्टही तितकाच भित्रा आहे.

ज्यांना ही पडद्यापुरती तक्रार वाटते, त्यांनी प्रा. रामचंद्र सिरस यांचं नाव आठवावं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, मराठीत कविता लिहिणारे. २०१०मध्ये कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली. समलिंगी संबंधांवरून विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच ते मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावर २०१६मध्ये 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट आला. मराठी कवीची ही गोष्ट मराठी मालिकेला, मराठी नाटकाला, आपल्या संमेलनांना का दिसली नाही? या प्रश्नाचं उत्तर व्यासपीठावरच्यांनीही द्यायचं आहे, माझ्यासकट.

कलम ३७७खालचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता रद्द केला. विवाहाचा हक्क मात्र २०२३मध्ये नाकारला. म्हणजे उद्याचं भांडण घरातच होणार आहे: भाड्याच्या खोलीवरून, दवाखान्यात सही कुणाची यावरून, आईच्या आजारपणात कुणी राहायचं यावरून. रोज संध्याकाळी घरात शिरणारी मालिका हे भांडण जितकं बारकाईने दाखवू शकते, तितकं दोन तासांचा सिनेमा दाखवू शकत नाही. वर्षभर रोज भेटणाऱ्या माणसाची सवय होते, आणि सवय झालेल्या माणसाला घराबाहेर काढणं अवघड जातं. ही ताकद तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ती वाया घालवता आहात.

म्हणून लेखकांना माझं आव्हान आहे. वाहिनीच्या पुढच्या बैठकीत पहिल्याच भागापासून घरात असलेला, सगळ्यांना माहीत असलेला समलिंगी भाऊ किंवा बहीण लिहून न्या. नकार मिळाला तर देणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने द्यायला लावा. प्रेक्षकाच्या नावाने दिलेला नकार यापुढे ऐकून घेऊ नका.