यंत्रावरचा चेनचा बटवा

एके काळीं महाराष्ट्रांतील घराघरांतून पैशांसाठीं कसा, पानसुपारीसाठीं चंची आणि किरकोळ चीजवस्तूंसाठीं बटवा असे. बटव्याचें तोंड नाडीनें आवळावयाचें, चंची गुंडाळून बंदानें बांधावयाची. आज पुष्कळ घरीं त्यांची जागा चेनच्या लहानशा बटव्यानें घेतली आहे. आणि घरांत भरतकामाचें यंत्र असेल, तर हा बटवा त्याच्या चौकटींतच आरंभापासून शेवटच्या शिवणीपर्यंत तयार होऊं शकतो.

ह्या दोन्ही साधनांना मोठा इतिहास आहे. अमेरिकेंत व्हिटकोम्ब जडसन यानें १८९३ सालीं चेनसारख्या बंधनाचें पेटंट मिळविलें. परंतु तें नीट टिकत नसे. मूळच्या स्वीडनमधील गिडियन सुंडबॅक ह्या अभियंत्यानें तें सुधारून १९१७ सालीं आजच्या स्वरूपाच्या चेनचें पेटंट घेतलें. आरंभीं ती बुटांना आणि तंबाखूच्या पिशव्यांना लागली. तेव्हां चंचीशीं तिचें दूरचें नातें आहेच! यांत्रिक भरतकाम तर त्याहून जुनें. स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली यानें १८६३ सालीं धोट्याचें भरतकाम-यंत्र बनविलें. घरगुती संगणकीय यंत्र मात्र जपानच्या जानोमे कारखान्यानें १९९० सालीं बाजारांत आणलें.

ह्या कामाचें सारें रहस्य क्रमांत आहे. चार इंची चौकटींत प्रथम आधाराचा कापडी कागद ताणून बसवावा. यंत्र त्यावर चेनची जागा दाखविणाऱ्या रेघा शिवतें. त्या रेघांवर चेन चिकटपट्टीनें बसवावी. चेन धातूची नसावी, नायलॉनची असावी. कारण धातूच्या दांत्यांवर सुई आदळली तर ती मोडते. शिवाय ती बटव्याहून दोन-तीन इंच लांब असावी, म्हणजे तिची सरकती कडी शिवणीच्या बाहेर राहते.

चेनच्या दोन्ही पट्ट्या शिवल्या गेल्या कीं एका कडेवर कापड उलटें ठेवून शिवावें, तें उलटून सुलट करावें, आणि मग त्यावर वेल, फूल, अक्षर, जें भरावयाचें तें भरून घ्यावें. दुसऱ्या कडेचेंही तसेंच. अस्तर चौकटीच्या खालच्या बाजूनें लावावयाचें, पण भरतकाम आटोपल्यावर. म्हणजे धाग्यांच्या गाठी आणि उलट बाजूचा पसारा त्याआड झांकला जातो. अस्तर आधीं लावलें तर तेंच टांके आंतून दिसत राहतात.

आतां येतो तो क्षण, जेथें पुष्कळांचें काम फसतें. मागचा भाग, म्हणजे कापड आणि त्याचें अस्तर, सुलट बाजू आंत ठेवून वर पसरावयाचा आणि चारी बाजूंनीं शिवण घालावयाची. त्याआधीं चेनची कडी ओढून मधोमध आणलीच पाहिजे. ती बाहेरच राहिली, तर कडा कापतांना चेनच्या टोकाबरोबर तीही कापली जाते. कडी आंत आणूनही चेन मिटलेली ठेवली, तर बटवा उलटावयास वाटच उरत नाहीं. उघड्या टोकाच्या दोन्ही पट्ट्या जवळ आणून हातानें दोन टांके घालावे, नाहीं तर शिवणींत त्या फांकतात.

मग चौकटींतून काम काढावें, कागद व कापड शिवणीबाहेर पाव इंच ठेवून कापावें, कडांवर झिगझॅग मारावी आणि चेनच्या तोंडांतून बटवा उलटून घ्यावा. कोपरे बोथट टोंकाच्या काडीनें हळूच बाहेर काढावे. कात्रीचें टोंक वापरल्यास कापड फाटतें.

यंत्र टांका घालतें, रंगाची पाळी येतांच थांबतें, नक्षी बिनचूक काढतें. परंतु चेन उघडी आहे कीं मिटलेली, हें त्याला कळत नाहीं. तो एक विचार माणसानेंच करावयाचा. घरांतल्या आजीच्या कांपऱ्या बोटांसाठीं असा बटवा करावयाचा असेल, तर कडीला रेशमी फितीचा एक फांसही बांधावा. नाडी आवळण्याची दगदग वांचेल, आणि बटवा कोणासाठीं केला हें त्या फितींत दिसेल.