हमालाला ताप आला तर?
(ऑनलाइन सभेतील भाषण, फेब्रुवारी 2021)



महामारीत घर कसं बदलावं, यावर मला बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही नेरूळहून खारघरला आलो. त्या अनुभवावरून बोलतो.

भाडेकरू हौसेने घर बदलत नाही. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, आणि साथ आहे म्हणून तो संपायचा थांबत नाही. 17 एप्रिल 2020 रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं होतं, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. तो दिलासा तात्पुरता होता. पगार कापले गेले, तशी माणसं लहान घरांकडे निघाली.

म्हणून आधी कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती ऑनलाइन होते, त्यामुळे कार्यालयातली गर्दी टळते.

दुसरं, हद्द. नेरूळ ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबई महापालिकेत. खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत. अंतर थोडं, पण नियम काढणारी कार्यालयं वेगळी. प्रतिबंधित क्षेत्रांची यादी दोन्हीकडची पाहा. दोन्ही सोसायट्यांची परवानगी लेखी घ्या.

तिसरं, माणसांचा संपर्क कमी करा. आम्ही तीन आठवडे रोज थोडं थोडं बांधत होतो. नको ते सामान आधीच काढून टाकलं. प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव लिहिलं, म्हणजे हमालांना विचारत थांबावं लागू नये. नव्या घरातलं इंटरनेट आधी सुरू करून घेतलं, कारण माझं काम आणि मुलीची शाळा दोन्ही त्यावरच. अम्मीला मधुमेह आहे. ती दोन दिवस बहिणीकडे राहिली. औषधं, कागदपत्रं, ऑक्सिमीटर आणि चार्जर एका पिशवीत, आमच्या हातात. सामान चढवताना-उतरवताना दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, मास्क सगळ्यांनी लावले. खोक्यांवर सॅनिटायझर फवारत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं जास्त उपयोगाचं.

आता खरा मुद्दा. जुन्या सोसायटीतून निरोप आला, की हमालांनी लिफ्ट वापरू नये, संसर्ग होईल. आम्ही सातव्या मजल्यावर. म्हणजे तोंडाला मास्क लावून कपाट पाठीवर घ्यायचं आणि सात मजले उतरायचे! मी कमिटीला लिहिलं: सकाळी दहा ते बारा एक लिफ्ट आम्हाला द्या, एका वेळी दोनच माणसं चढतील, नंतर आम्ही ती पुसून देऊ. त्यांनी मान्य केलं. वेळ ठरवली की माणसाला अडवावं लागत नाही.

पण हमालालाच ताप आला तर? तो सांगेल का? सांगितलं तर दिवसाची मजुरी जाते. महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या कामगारांच्या लढ्यातून तो आला. त्यात नोंदणी आहे, भविष्य निर्वाह निधी आहे. वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आपल्या रोज दिसतात. मात्र नाक्यावरून रोजंदारीवर टेम्पोत चढणाऱ्या माणसापर्यंत ते संरक्षण सहसा पोहोचत नाही.

म्हणून टेम्पोवाल्याशी बोलताना मी दोन गोष्टी आधीच ठरवल्या. आमच्यापैकी किंवा तुमच्यापैकी कोणालाही ताप, खोकला असेल तर दिवस बदलायचा, आणि आगाऊ रक्कम नव्या दिवसासाठी धरायची. आणि जो हमाल आजारी म्हणून घरी राहील, त्याची त्या दिवसाची मजुरी मी देईन. चार माणसं येणार होती. आदल्या रात्री फोन आला, एकाला कणकण आहे. तिघेच आले. काम दोन तास लांबलं, चौथ्याची मजुरी दिली. एकूण खर्चात ती रक्कम फार मोठी नव्हती.

16 जानेवारीपासून लस सुरू झाली आहे, पण सध्या ती आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. हमाल त्या यादीत नाही. रुग्ण पुन्हा वाढतायत. तुमच्यापैकी कोणी येत्या महिन्यांत घर बदलणार असेल, तर भाव ठरवतानाच विचारा: 'भाऊ, तुमच्यातलं कोणी आजारी पडलं तर त्याच्या रोजाचं काय?' उत्तर नसेल, तर ते आपण द्यायचं. खरं सांगणं ज्याला परवडतं, तोच आपल्याला वेळेवर खरं सांगू शकतो.